कर्टिसचं नाव घेते

नकुल पांढरीपांडेला ज्या माणसाचा हेवा वाटत होता, त्या माणसाकडे स्वतःचा म्हणावा असा कमरेचा पट्टासुद्धा नव्हता. घर नाही, गाडी नाही, बँकेत खातं नाही. सोळाव्या वर्षी खून करून जो आत गेला, तो पंचेचाळिशीला आला तरी आतच. आणि नकुलकडे? ॲन आर्बरमध्ये चार बेडरूमचं घर, गाड्यांचं सॉफ्टवेअर करणाऱ्या कंपनीत चांगली नोकरी, दर दिवाळीला नागपूरहून येणारा चिवडा आणि यामिनीसारखी बायको. तरी गडी जळायचा. हेवा म्हणे दुसऱ्याच्या ताटाकडे बघून वाटतो. नकुलला आपल्याच ताटातलं कुणीतरी उचलतंय असं वाटत होतं.

त्या माणसाचं नाव कर्टिस. यामिनी वकिलांच्या ऑफिसात मिटिगेशन स्पेशालिस्ट होती आणि कर्टिस तिची केस होता. हे काम नेमकं काय, ते तिने एकदा सासूबाईंना फोनवर समजावून सांगितलं होतं. "आई, आरोपी लहानपणी कसा होता, त्याला कुणी सांभाळलं, कुणी मारलं, शाळेत काय झालं, हे सगळं शोधून आम्ही कोर्टापुढे मांडतो." सासूबाई म्हणाल्या, "म्हणजे स्थळाची चौकशी करतात तसं!" ही व्याख्या यामिनीच्या ऑफिसात फार गाजली. नकुल मात्र तेव्हा हसला नव्हता.

मिशिगनमध्ये एकेकाळी पोरासोरांनासुद्धा पॅरोल नसलेली जन्मठेप ठोकत असत. आत गेलं की बाहेर यायची ती तिरडीच. पुढे देशाच्या सुप्रीम कोर्टाने सांगितलं, की अठराच्या आतल्या पोराला अशी शिक्षा डोळे झाकून द्यायची नाही. त्याचं वय बघा, घर बघा, माणूस बदलला का तेही बघा. मग जुन्या केसेस एकेक करून पुन्हा सुनावणीला आल्या. कर्टिसची मात्र या ना त्या कारणाने लांबतच राहिली होती. आता एकदाची जानेवारीअखेरची तारीख लागली होती. आहे तीच शिक्षा राहू द्या, असं सरकारी वकिलांचं म्हणणं होतं. जज त्यांच्या बाजूने गेले, तर कर्टिस तुरुंगातच मरणार होता.

तारीख जवळ येत गेली तसतसा कर्टिस घरात शिरत गेला. ऐन जेवणाच्या वेळी तुरुंगातून फोन यायचा आणि यामिनी घास तसाच ठेवून आतल्या खोलीत जायची. दार लावून घ्यायची, कारण या कामातली गुप्तता म्हणजे गुप्तता. नकुल तिची पोळी एकदा गरम करून ठेवायचा, दुसऱ्यांदा करायचा, मग स्वतःच खाऊन टाकायचा. गुन्ह्याबद्दल ती घरी चकार शब्द काढत नसे, पण बारीकसारीक काहीबाही तिच्या तोंडून निसटायचंच. कर्टिसला भिंतीला हात टेकवल्याशिवाय झोप येत नसे. कर्टिसची दुसरीतली बाई अजून जिवंत आहे; यामिनीने ती फ्लिंटमधल्या एका वृद्धाश्रमातून शोधून काढली आणि त्या आनंदात येताना घरी पेढे घेऊन आली.

"दुसरीतली बाई सापडली म्हणून पेढे?" नकुलने विचारलं.

"अरे, तिला तो आठवतोय! तो रोज वर्गातल्या झाडांना पाणी घालायचा, म्हणाली."

नकुलच्या हनुवटीवर एक जुना व्रण आहे. गेल्या उन्हाळ्यात कुणाच्या तरी बार्बेक्यूला कुणीसं त्याबद्दल विचारलं, तेव्हा यामिनी सहज म्हणाली होती, "सायकलवरून पडला असेल." सायकलवरून नाही. धाकट्या बहिणीला आजी लोण्याचा गोळा जास्त द्यायची म्हणून नकुलने तिला ढकललं होतं, आणि बहिणीने हातातली रवी हाणली होती. लग्नाला चौदा वर्षं झाली होती. या चौदा वर्षांत नकुलच्या दुसरीतल्या बाईंची चौकशी कुणी केली नव्हती. त्याही वर्गात झाडं होती, आणि नकुलनेही त्यांना पाणी घातलं होतं.

यातलं तो काही बोलला नाही. बेचाळीस वर्षांचा माणूस कुठल्या तोंडाने सांगणार, की मला एका कैद्याचा हेवा वाटतो? तो फक्त भांडी जरा जोरात ठेवायला लागला. त्यांची नऊ वर्षांची रुही एक दिवस म्हणालीही, "बाबा, यू आर बीइंग वीअर्ड."

आणि मग आलं संक्रांतीचं हळदीकुंकू.

मराठी मंडळाच्या अहिल्याकाकूंकडे दरवर्षी हा सोहळा असतो. बाहेर गुडघाभर बर्फ, आत काळ्या साड्या आणि हलव्याचे दागिने. पुरुष मंडळी तळघरात टीव्हीपुढे. नकुल तिळगुळाचा डबा द्यायला म्हणून वर आला होता आणि जिन्याच्या तोंडाशी उभा होता. तेवढ्यात बायकांनी यामिनीला घेरलं. "नाव घे! नाव घे! यंदा तू सुटायची नाहीस!"

यामिनी सकाळपासून ऑफिसात होती. सहा-सात तास कर्टिसच्या शाळेचे दाखले, कर्टिसच्या आईच्या आजारपणाचे कागद, कर्टिसचं हे नि कर्टिसचं ते. तिथेच साडी नेसून, वरून कोट चढवून ती थेट इकडे आली होती. ती दमली होती, हसत होती. आणि तिने ठसक्यात सुरू केलं:

"बर्फात गाडी रुतली, दिसेनाशी झाली वाट,
कर्टिसचं नाव घेते, हळदीकुंकवाचा थाट!"

 मग जो हशा उसळला, तो तळघरापर्यंत गेला. अहिल्याकाकू डोळ्याला पदर लावून हसत होत्या. "अगं यामिनी, कुणाचं नाव घेतलंस?" एका नव्या लग्न झालेल्या मुलीने भाबडेपणाने शेजारणीला विचारलं, "कर्टिस म्हणजे त्यांचे मिस्टर का? अमेरिकन आहेत?" यामिनी तर हसता हसता खालीच बसली. मग उठून तिने तोच उखाणा पुन्हा घेतला आणि या वेळी नकुल घातला. पण नवऱ्याचं नाव दुरुस्ती म्हणून घेतलं, तर त्याची किंमत काय राहते?

सगळ्यात मोठ्याने नकुल हसला. हसता हसता त्याच्या अंगाचा तिळपापड होत होता.

परत येताना गाडीत यामिनी म्हणाली, "सॉरी हं, यार. डोक्यात दिवसभर तेच असतं ना."

"दिसलं ते," नकुल म्हणाला, आणि गाडीचा हीटर उगाचच वाढवला.

पुढच्या आठवड्यात त्याने जे केलं, ते मात्र हसण्यावारी नेण्यासारखं नव्हतं.

कर्टिस सुटला तर करणार काय, राहणार कुठे, याचं उत्तर कोर्टाला द्यावं लागतं. राहायची सोय एका चर्चने केली होती. कामाची सोय यामिनीने केली होती, तीही नकुलच्याच मित्राकडे. शैलेंद्र मूळचा सांगलीचा. आयटीतली नोकरी सोडून त्याने लाकडी कॅबिनेटं बनवायचं वर्कशॉप टाकलं होतं. कर्टिस आत राहून सुतारकाम शिकला होता आणि त्याच्या हातचे नमुने बघून शैलेंद्र खूश झाला होता. सुनावणीत उभं राहून "मी याला काम देईन" असं सांगायला तो तयार होता.

शनिवारी बॅडमिंटन झाल्यावर बुटांच्या नाड्या सोडता सोडता शैलेंद्रच म्हणाला, "तुझ्या बायकोने मला कोर्टात उभं केलं बघ. बारीक धाकधूक वाटतेय, पण चांगलं काम आहे ते."

नकुलने टॉवेलने तोंड पुसलं. आणि टॉवेल खाली घेता घेता त्याच्या तोंडून निघून गेलं, "तुला म्हणून सांगतो. यामिनी सांगणार नाही, तिचं कामच आहे ते. त्याचं डोकं अजून ठिकाणावर नाहीये. गेल्याच वर्षी आत मारामारी केली म्हणे त्याने. तुझ्याकडे करवती काय, छिन्न्या काय... आणि तुझी बायकोही तिथेच बसते ना हिशोबाला?"

यातली मारामारी त्याने त्या क्षणी रचली होती. इतकी सहज, की त्याचं त्यालाच आश्चर्य वाटलं. शैलेंद्रचा हात नाडीवरच थांबला. "खरं सांगतोस?"

"मी कशाला खोटं बोलू?" नकुल म्हणाला.

सुनावणीच्या आदल्या दिवशी शैलेंद्रचा यामिनीला मेसेज आला: सॉरी, जमणार नाही, घरी प्रॉब्लेम आहे. यामिनी फोन हातात धरून ओट्याशी उभी राहिली. तिचा चेहरा बघून नकुलला गंमत वाटेल असं त्याला आधी वाटलं होतं. तशी वाटली नाही.

"तू बोलून बघतोस का त्याच्याशी?" ती म्हणाली. "तुझा मित्र आहे. सरकारी वकील पहिलं तेच विचारणार, बाहेर याला कोण विचारतंय म्हणून. प्लीज, नकुल."

"बघतो," नकुल म्हणाला. आणि त्याने काही बघितलं नाही.

दुसऱ्या दिवशी रस्त्यावर बर्फ होतं. नकुल सुट्टी टाकून म्हणाला, मी तुला गाडीने सोडतो. यामिनीला बरं वाटलं. तिने त्याच्या हातावर हात ठेवला, तेव्हा त्याला तो हात झटकून पळून जावंसं वाटलं. पण खरी गोष्ट अशी, की गडी पश्चात्ताप झाला म्हणून निघाला नव्हता. त्याला कर्टिसला बघायचं होतं.

त्याने मनात कसला कर्टिस उभा केला होता, कोण जाणे. उंचापुरा, भरलेल्या दंडांचा, भारदस्त आवाजाचा. बेड्या घालून ज्याला आणलं तो पडेल खांद्यांचा, टक्कल पडलेला, जाड चष्म्याचा माणूस होता. बसताना त्याने आधी खुर्ची हाताने चाचपून बघितली. याच्यावर आपण जळलो? नकुलला स्वतःचीच चीड आली, आणि त्या चिडीचाही थोडा राग त्याने कर्टिसवरच काढला.

ज्याचा खून झाला होता, त्या रेची बहीण पुढच्या बाकावर बसली होती. ती उभी राहिली. तिने सांगितलं, की माझ्या भावाने या मुलाचं काही वाईट केलं नव्हतं आणि त्याला माफ करायला मी आलेली नाही. कुणी तिला अडवलं नाही. यामिनीसुद्धा मान खाली घालून ऐकत होती.

मग कर्टिस बोलायला उठला. जजबाईंनी विचारलं, त्या दिवशी काय झालं ते तुमच्या शब्दांत सांगा.

"माझी आई रात्रपाळी करायची," कर्टिस म्हणाला. आवाज इतका बारीक होता, की त्याला माइकजवळ यायला सांगावं लागलं. "सकाळी आली की ती माझ्यासाठी अंडी तळायची. कडा करपवून, मला तशी आवडायची. आम्ही दोघंच असायचो. मग रे आमच्याकडे राहायला आला. रे वाईट नव्हता. त्याने मला एकदा बूट घेऊन दिले होते. पण मग अंडी आधी त्याच्या ताटात जायला लागली. आई त्याच्याशी बोलायला आत जायची आणि दार लावून घ्यायची. आतून तिचं हसणं ऐकू यायचं. एक दिवस मी शाळेतून आलो, तर तो माझ्या खुर्चीवर बसला होता. त्याच्याच खणात पिस्तूल होतं."

 त्याने चष्मा काढला आणि पुन्हा घातला.

"तेव्हा कुणी विचारलं असतं, तर मी म्हटलं असतं की मला राग आला. तो राग नव्हता, मॅडम. मी जळत होतो. मला वाटलं, हा गेला की सगळं पूर्वीसारखं होईल. एवढंच कळत होतं. आईने त्यानंतर माझ्याकडे कधी बघितलं नाही. मी आत असतानाच ती गेली. रेही माझ्यामुळे पुन्हा कधी आपल्या बहिणीला भेटला नाही. त्याच्या बहिणीने मला माफ करू नये."

कोर्टात कुणीतरी नाक ओढलं. नकुल बाकावर बसल्या जागी गार पडला. लावून घेतलेलं दार त्याला चांगलंच ठाऊक होतं. दुसऱ्याच्या वाटणीला गेलेला घासही ठाऊक होता. त्याला लाज वाटली, अगदी कानशिलं तापेपर्यंत. सोळा वर्षांच्या पोराच्या हाताशी पिस्तूल आलं होतं. नकुलच्या हाताशी फक्त जीभ होती, आणि ती त्याने बेचाळिसाव्या वर्षी, टॉवेलने तोंड पुसता पुसता वापरली होती.

जेवणाची सुट्टी झाली. वकील यामिनीला दबक्या आवाजात सांगत होते, की जजबाई कामाचं नक्की विचारणार, आणि आपल्याकडे दाखवायला माणूस नाही. नकुल तडक कॉरिडॉरमध्ये गेला आणि त्याने शैलेंद्रला फोन लावला.

"मी तुला खोटं सांगितलं," तो म्हणाला. "मारामारी वगैरे काही नाही. आज कोर्टात सांगितलं, पंधरा वर्षांत त्याच्या नावावर एक तक्रार नाही. तू ये. आत्ता निघ."

पलीकडे करवतीचा आवाज येत होता. तो बंद झाला. "अरे माणसा," शैलेंद्र म्हणाला, "असं का केलंस तू?"

नकुलने कपाळ कॉरिडॉरच्या गार भिंतीला टेकवलं.

"मी येतो," शैलेंद्र म्हणाला. "पण मी शपथेवर खोटं बोलणार नाही. काल नाही म्हणालात आणि आज कसे आलात, असं विचारलं तर? तुझं नाव घ्यावं लागलं तर?"

नकुलने डोळे मिटले. "घे," तो म्हणाला. "नाव घे."

यामिनीला आपणच आधी सांगायचं, असं त्याने ठरवलं होतं. खरंच ठरवलं होतं. पण तिच्याकडे जाऊन त्याने सांगितलं ते एवढंच, की शैलेंद्र येतोय. तिने आनंदाने त्याचा हात घट्ट दाबला, "थँक यू, थँक यू," म्हणाली, आणि वकिलांना सांगायला पळाली. त्या थँक यूनंतर तोंड उघडायचा धीर त्याला झाला नाही.

शैलेंद्र आला तो वर्कशॉपच्या जॅकेटवरच, बाहीवर भुसा तसाच. साक्षीच्या पिंजऱ्यात उभं राहून त्याने सरळ सांगितलं, की हा माणूस चांगला सुतार आहे आणि मी त्याला काम देईन. मग सरकारी वकील उठले.

"काल बचाव पक्षाने तुमचं नाव साक्षीदारांच्या यादीतून काढलं होतं. का?"

"मला सांगण्यात आलं होतं, की त्याने गेल्या वर्षी तुरुंगात मारामारी केली."

"केली होती?"

"नाही. ते खोटं होतं. ज्याने सांगितलं, त्यानेच आज दुपारी फोन करून तसं सांगितलं."

"कोण हा गृहस्थ?"

शैलेंद्रने नकुलकडे बघितलं नाही. तेवढी मैत्री त्याने राखली. "नकुल पांढरीपांडे," तो म्हणाला.

टंकलेखन करणाऱ्या बाईंनी हात वर केला. त्यांना नाव कळलं नव्हतं. कृपया स्पेलिंग सांगा, म्हणाल्या. आणि शैलेंद्रने ते आडनाव एकेक अक्षर करून सांगितलं. नागपूरच्या पांढरीपांड्यांनी आडनाव एवढं लांब का ठेवलं, असं नकुलला आयुष्यात प्रथमच वाटलं. ते संपता संपेना. यामिनी लग्नानंतरही माहेरचंच आडनाव लावत असे, त्यामुळे कोर्टात कुणालाच काही कळलं नाही. बाईंनी नाव नोंदवलं आणि काम पुढे सुरू झालं. फक्त वकिलांच्या मागच्या खुर्चीत बसलेल्या यामिनीचं पेन थांबलं. तिने मागे वळून बघितलं नाही.

संध्याकाळी जजबाईंनी निकाल दिला. सोळा वर्षांच्या मुलाला पुढचं दिसत नसतं, त्याला स्वतःला थांबवता येत नसतं, आणि जो मुलगा तेव्हा होता तो माणूस आज इथे उभा नाही, असं त्या म्हणाल्या. पॅरोल नसलेली जन्मठेप रद्द. किमान तीस वर्षं. एकोणतीस भोगून झाली होती. म्हणजे पुढच्या वर्षी कर्टिस पॅरोल बोर्डापुढे उभा राहू शकणार होता. रेची बहीण कोट घालून निघून गेली. कर्टिसने दोन्ही हातांनी तोंड झाकलं. त्याला नेताना तो यामिनीकडे बघून काहीतरी म्हणाला आणि यामिनी रडता रडता हसली.

नकुलला त्याचा हेवा वाटला नाही असं नाही. वाटला.

परतीच्या वाटेवर अंधार पडला होता आणि बर्फ पुन्हा सुरू झालं होतं.  यामिनी खिडकीबाहेर बघत होती.

"मी आधी सांगणार होतो तुला," शेवटी नकुल म्हणाला.

तिने काचेवरची वाफ बोटाने पुसली.

"मी जळत होतो, यामिनी. तुला हास्यास्पद वाटेल. तो हळदीकुंकवाचा दिवस, ते रोजचे फोन..."

"मला माहीत होतं," ती म्हणाली. "अख्ख्या मंडळाला माहीत होतं. मला ते गोड वाटत होतं. मूर्ख मी." तिचा आवाज चढला नाही, आणि चढला असता तर बरं झालं असतं असं नकुलला वाटलं. "एक माणूस आत मेला असता. तुझ्या एका वाक्याने."

"पण मीच बोलावलं ना शैलेंद्रला. मीच म्हटलं, माझं नाव घे." मग तो अजिजीने म्हणाला, "आज ऐकलंस ना तू? तोही जळतच होता की. त्याने तर जीव घेतला. त्याला तू समजून घेतलंस. कोर्टाने समजून घेतलं. मग मला..."

यामिनी पहिल्यांदाच त्याच्याकडे वळली. समोरून आलेल्या ट्रकच्या उजेडात तिचा चेहरा नीट दिसला. ती रागावलेली नव्हती, दमलेली होती.

"तो सोळा वर्षांचा होता, नकुल," ती म्हणाली.

या वेळी नाव घेताना तिची मुळीच चूक झाली नव्हती.